डेस्कटॉपवरून थेट वेबवर शोध कसा घ्यायचा: ठाणे-नवी मुंबईतल्या नवख्यांसाठी

फोनची सवय असलेला माणूस संगणकासमोर बसला की आधी ब्राउझर शोधतो. तो उघडला की त्यात ‘गूगल’ टाइप करतो, आलेल्या यादीतून पुन्हा गूगलवर जातो आणि मग कुठे ‘ठाणे पाणी बिल’ लिहितो. एवढं सगळं करायची गरज नसते. संगणक सुरू झाल्यावर समोर जो पडदा दिसतो, तिथूनच सरळ वेबवर शोध घेता येतो.

मी घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीचं दप्तर सांभाळते. ऑफिसातल्या संगणकावर दिवसभर काही ना काही शोधणं चालूच असतं, आणि बिलं, दाखले, तक्रारी घेऊन सभासदही येत असतात. कुठे अडतं हे त्यांच्या शेजारी बसून पाहिलंय. त्यातून एक नियम पक्का झालाय, आणि तो मी सगळ्यांना आधी सांगते: जे माहीत नाही ते शोधा, पण ज्याचा पत्ता माहीत आहे ते शोधू नका, थेट उघडा. शोधातली बरीचशी फसवणूक हा फरक न पाळल्यामुळे होते. म्हणून या लेखात शोधाची पेटीही आहे आणि डेस्कटॉपवर कायमचे पत्ते कसे ठेवायचे तेही आहे.

कळांची आणि मेनूंची नावं मी मराठी अक्षरांत लिहिली आहेत. तुमच्या पडद्यावर आणि कळफलकावर ती इंग्रजीत दिसतील.

१. आधी हे जवळ ठेवा

- विंडोज १० किंवा ११ असलेला संगणक. कोणतं विंडोज आहे ते पाहायला विंडोज कळ (खिडकीची खूण असलेली) धरून आर दाबा, येणाऱ्या छोट्या चौकटीत ‘विनव्हर’ हा शब्द इंग्रजी अक्षरांत लिहा आणि एंटर करा.
- चालू इंटरनेट.
- वीज, पाणी, मालमत्ता कर आणि पाइप गॅसची अगदी अलीकडची छापील बिलं. खरे वेब पत्ते यांच्यावरच छापलेले असतात.
- एक वही. पत्ते लिहायला, पासवर्ड लिहायला नव्हे.

विंडोज १० चे नेहमीचे सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ नंतर बंद झाले. तो संगणक चालतो, शोधही होतो. पण त्याच संगणकावरून बँकेचं काम करत असाल, तर ११ वर जाता येतं का ते जाणकाराकडून बघून घ्या.

२. मराठी कळफलक बसवा

हे काम पाच मिनिटांचं आहे, तरी लोक टाळतात आणि मग ‘मालमत्ता’ इंग्रजी अक्षरांत लिहिताना अडखळतात.

सेटिंग्जमध्ये ‘टाइम अँड लँग्वेज’, मग ‘लँग्वेज अँड रीजन’ (विंडोज १० मध्ये नुसतं ‘लँग्वेज’), तिथे ‘ॲड अ लँग्वेज’ करून मराठी निवडा. इथे एक खूण आधीच केलेली असू शकते: ही भाषा पूर्ण विंडोजची भाषा करा, अशा अर्थाची. ती काढा. ती राहिली तर मेनूंची नावं मराठीत होतात, आणि इंग्रजी मेनू पाठ असलेल्या माणसाला मग स्वतःच्याच संगणकात वाट सापडत नाही.

भाषा आली की तिच्या पर्यायांत जाऊन ‘मराठी फोनेटिक’ हा कळफलक जोडा. २०१९ च्या मे महिन्यातल्या अपडेटपासून तो विंडोजमध्येच आहे, वेगळं काही उतरवून घ्यावं लागत नाही. इंग्रजी कळांवर उच्चाराप्रमाणे लिहायचं, की मराठी शब्द सुचवले जातात. इनस्क्रिप्ट हा ठरावीक कळांचा मराठी कळफलक शिकलेल्यांनी तोच ठेवावा, तोही यादीत आहे.

इंग्रजीतून मराठीत जायला विंडोज कळ धरून स्पेस. परत यायलाही तेच.

३. शोधाची पेटी: नेमकं काय होतं ते बघा

खालच्या पट्टीवर भिंगाची खूण किंवा शोधाची पेटी असते. नसेल तर पट्टीवर मोकळ्या जागी उजवं बटण दाबून सेटिंग्जमधून ती दाखवायला सांगता येते. पण तिची तशी गरज नाही. विंडोज कळ एकदा दाबा, सोडा आणि सरळ लिहायला लागा. किंवा विंडोज कळ धरून एस दाबा.

आता लिहून बघा: ‘घाणेकर नाट्यगृह ठाणे’.

डावीकडे यादी येईल. सगळ्यात वर ‘बेस्ट मॅच’, म्हणजे संगणकाला सगळ्यात जवळची वाटलेली गोष्ट. खाली काही ओळी, त्यातल्या काहींपुढे छोटं भिंग. उजवीकडच्या भागात निवडलेल्या ओळीची झलक दिसते. भिंगाची ओळ निवडली असेल तर तिथे वेबवरचे निकाल दिसतात आणि ते ब्राउझरमध्ये उघडायचा दुवाही असतो.

लोक इथेच घोटाळतात. ही एकच पेटी तुमच्या संगणकातली ॲप्स शोधते, फाइली शोधते, सेटिंग्ज शोधते आणि वेबही शोधते. एंटर दाबलं की वरची ओळ उघडते, मग ती काहीही असो. तुम्ही ‘प्रिंटर’ लिहून एंटर केलं तर प्रिंटरची माहिती येणार नाही, प्रिंटरची सेटिंग्ज उघडतील. सोसायटीच्या संगणकावर ‘पाणीपट्टी’ लिहिलं की आधी आमची ‘पाणीपट्टी’ नावाची जुनी फाइलच वर येते.

म्हणून एंटरच्या आधी नजर टाका: निवडलेल्या ओळीपुढे भिंग आहे का? नसेल तर खालच्या बाणाने भिंगाच्या ओळीवर या. किंवा पेटीच्या वरच्या बाजूला ‘ऑल, ॲप्स, डॉक्युमेंट्स, वेब’ असे भाग दिसतात, त्यातल्या ‘वेब’वर क्लिक करा. मग घरातल्या फाइली मध्ये येत नाहीत.

पेटी उघडल्यावर चित्रं, सण, बातम्या दिसतात त्याचा काहींना त्रास होतो. सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’ आणि त्यात ‘सर्च परमिशन्स’ (काही नव्या आवृत्त्यांत नुसतं ‘सर्च’) इथे ‘सर्च हायलाइट्स’ बंद करा. तिथेच ‘सेफ सर्च’ही आहे. घरात मुलं संगणक वापरत असतील तर ते ‘स्ट्रिक्ट’वर ठेवा.

४. ‘मी क्रोम लावलंय, मग हे एज का उघडतं?’

हा प्रश्न मला जवळपास प्रत्येक जण विचारतो, आणि बऱ्याच जणांना वाटतं की संगणकात व्हायरस शिरला. तसं काही नाही. खालच्या पट्टीतल्या पेटीतला वेब शोध मायक्रोसॉफ्टने आपल्याच बिंग या शोधयंत्राला आणि एज या ब्राउझरला जोडलेला आहे. २०१६ पासून विंडोज १० मध्ये हे असंच आहे, ११ मध्येही. ‘डीफॉल्ट ॲप्स’मध्ये क्रोम किंवा फायरफॉक्स निवडला तरी ही पेटी त्याला जुमानत नाही. युरोपात नव्या कायद्यामुळे २०२४ पासून तिथल्या लोकांना यात बदल करायची मुभा मिळाली. आपल्याकडे ती नाही.

यावर इलाज सांगणारे व्हिडिओ भरपूर आहेत. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या नोंदींत, जाऊन अमुक ओळ बदला, तमुक छोटं सॉफ्टवेअर टाका. नवख्याने यातलं काहीही करू नये. रजिस्ट्रीतली चुकीची ओळ पुसली गेली तर संगणक सुरू होणंसुद्धा बंद होऊ शकतं, आणि अनोळखी सॉफ्टवेअर तुमचा प्रत्येक शोध वाचत बसू शकतं. एजमध्ये उघडलं तर उघडू द्या. निकाल वाचायला काही बिघडत नाही. आवडता ब्राउझरच हवा असेल तर पुढची पायरी आहे.

५. आपल्याच ब्राउझरमध्ये शोधायचं असेल तर

मायक्रोसॉफ्टचंच ‘पॉवरटॉइज’ नावाचं मोफत ॲप आहे. ते फक्त मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून घ्या. त्यातलं ‘पॉवरटॉइज रन’ चालू केलं की ऑल्ट धरून स्पेस दाबल्यावर पडद्याच्या वरच्या भागात एक पेटी येते. तिच्यात आधी दोन प्रश्नचिन्हं लिहायची आणि मग शोध:

?? वाशी भावे नाट्यगृह

एंटर केलं की तुमचा नेहमीचा ब्राउझर उघडतो आणि त्यात तुम्ही ठरवलेलं शोधयंत्र चालतं. मी हेच वापरते. हात कळफलकावरून उचलावा लागत नाही, आणि फाइल की वेब हा गोंधळही होत नाही, कारण दोन प्रश्नचिन्हं म्हणजे वेबच.

मॅक असेल तर काम आणखी सोपं. कमांड आणि स्पेस दाबा, स्पॉटलाइट उघडेल. शोध लिहा आणि कमांड धरून बी दाबा. नुसतं एंटर केलं तर तिथेही फाइल उघडू शकते.

एक सावधगिरी. जुन्या लेखांत ‘गूगल डेस्कटॉप’ बसवा असा सल्ला सापडेल. गूगलने ते २०११ मध्येच बंद केलं. आज त्या नावाने कुणी काही उतरवून घ्या म्हणत असेल, तर ती खिडकी सरळ बंद करा. तसंच विंडोज १० पर्यंत खालच्या पट्टीवर पत्त्याची पट्टी लावता येत असे. विंडोज ११ मध्ये ती सोय काढून टाकली आहे, तेव्हा ती शोधण्यात वेळ घालवू नका.

६. ठरावीक साइटच्या आत शोध

विकिपीडियात किंवा विश्वकोशात वारंवार शोधणाऱ्यांसाठी, म्हणजे विद्यार्थी, शिक्षक, स्पर्धा परीक्षावाले यांच्यासाठी ही पायरी आहे. बाकीच्यांनी सोडली तरी चालेल.

क्रोमच्या सेटिंग्जमध्ये ‘सर्च इंजिन’, त्यात ‘मॅनेज सर्च इंजिन्स अँड साइट सर्च’. तिथे ‘ॲड’ केलं की तीन रकाने येतात: नाव, छोटी खूण आणि पत्ता. खूण म्हणून इंग्रजी दोन अक्षरं ठेवा, समजा ‘एम’ आणि ‘डब्ल्यू’. पत्त्यासाठी मराठी विकिपीडियावर जाऊन शोधाच्या जागी इंग्रजी झेड हे अक्षर सलग पाच-सहा वेळा लिहा आणि शोधा. अशा नावाचा लेख नसल्यामुळे निकालाचं पान उघडतं, आणि वरच्या पत्त्यात तुमचे झेड लगेच दिसतात. मराठी शब्द शोधलात तर पत्ता कॉपी केल्यावर त्या शब्दाच्या जागी टक्क्यांच्या चिन्हांची आणि आकड्यांची रांग मिळते, काही कळत नाही. पूर्ण पत्ता रकान्यात टाका, आणि सगळे झेड काढून तिथे टक्क्याचं चिन्ह आणि त्याला चिकटून लहान लिपीतलं इंग्रजी एस लिहा. साठवा.

आता क्रोमच्या पत्त्याच्या जागी ती दोन अक्षरं, मग टॅब, मग ‘श्रीस्थानक’ लिहून एंटर. थेट विकिपीडियात शोध होतो. पत्त्याच्या जागेवर जायला कंट्रोल धरून एल; माउसची गरज नाही.

७. डेस्कटॉपवर कायमचे पत्ते

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी ही आहे. बिल भरणं, कर भरणं, दाखल्यासाठी अर्ज करणं या गोष्टींसाठी दर वेळी शोध घेऊ नका. एकदा पत्ता खात्रीने मिळवा आणि डेस्कटॉपवर ठेवा.

डेस्कटॉपवर मोकळ्या जागी उजवं बटण, ‘न्यू’, मग ‘शॉर्टकट’. चौकटीत वेब पत्ता लिहा, ‘नेक्स्ट’, नाव मराठीत द्या, ‘फिनिश’. आमच्या संगणकावर ‘महावितरण’, ‘ठाणे मनपा’, ‘आपले सरकार’ अशी चिन्हं ओळीने आहेत. आवडत असेल तर चिन्हावर उजवं बटण दाबून ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘शॉर्टकट की’ द्या. मी मालमत्ता कराला कंट्रोल, ऑल्ट आणि एम दिलंय. खिडक्यांच्या गर्दीत डेस्कटॉप झाकला गेला तर विंडोज कळ धरून डी.

पत्ता कुठून घ्यायचा? छापील बिलावरून. ठाणे महापालिकेचा ‘ठाणेसिटी डॉट जीओव्ही डॉट इन’, नवी मुंबईचा ‘एनएमएमसी डॉट जीओव्ही डॉट इन’, सिडकोचा ‘सिडको डॉट महाराष्ट्र डॉट जीओव्ही डॉट इन’. महावितरणचा मात्र ‘महाडिस्कॉम डॉट इन’ आहे, त्यात जीओव्ही नाही. म्हणजे ‘जीओव्ही नाही तर खोटं’ हा नियम पुरत नाही. बिल समोर धरून अक्षर न् अक्षर जुळवणं हीच खरी खात्री.

८. शोध लिहायचा कसा

आधी तुमची महापालिका कोणती ते नक्की करा. आपल्या भागात हा घोळ मोठा आहे. खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल इथली मंडळी ‘नवी मुंबई मालमत्ता कर’ असं शोधतात. पत्त्यात नवी मुंबई लिहितात म्हणून. पण २०१६ मध्ये पनवेल महापालिका झाली आणि हे भाग तिच्यात आहेत. बेलापूर, नेरूळ, वाशी, कोपरखैरणे, ऐरोली नवी मुंबई महापालिकेत. जिल्हाही वेगळा पडतो: खारघरचा सातबारा पाहताना जिल्हा रायगड आणि तालुका पनवेल निवडावा लागतो, तर ऐरोलीचा जिल्हा ठाणे आणि तालुकाही ठाणेच. घोडबंदर रोडने काशीमिऱ्याकडे गेलात की मीरा-भाईंदर महापालिका लागते. शोधात महापालिकेचं बरोबर नाव लिहिलं की निम्मा कचरा गळून पडतो.

मग कार्यालय जे शब्द वापरतं ते लिहा. आपण ‘डोमिसाइल’ म्हणतो, अर्जावर ‘वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवास प्रमाणपत्र’ असतं. आपण ‘हाउस टॅक्स’ म्हणतो, तिथे ‘मालमत्ता कर’ असतो.

दोन-तीन युक्त्या गूगलमध्ये आणि बिंगमध्ये सारख्याच चालतात. शब्द जसेच्या तसे एकत्र हवे असतील तर अवतरण चिन्हांत लिहा. एखादी गोष्ट नको असेल तर तिच्या आधी उणे चिन्ह, मध्ये जागा न सोडता. आणि फक्त सरकारी साइटवर शोधायचं असेल तर शोधाच्या शेवटी इंग्रजीत ‘साइट’, कोलन, आणि लगेच ‘जीओव्ही डॉट इन’. ‘अधिवास प्रमाणपत्र कागदपत्रे’ याच्यापुढे हे जोडून बघा. एजंटांच्या साइट गळतात आणि सरकारी पानं वर येतात.

९. इथे थांबा आणि नीट बघा

शोधाच्या निकालात पहिल्या एक-दोन ओळींवर ‘प्रायोजित’ किंवा ‘ॲड’ असं बारीक लिहिलेलं असतं. ती पैसे देऊन लावलेली जाहिरात. खरी असू शकते, नसूही शकते. सरकारी कामासाठी आणि बँकेसाठी त्या ओळी सोडूनच द्या.

पत्ता शेवटाकडून वाचायला शिका. सुरुवातीच्या दोन जोड तिरक्या रेघा सोडून द्या, त्यानंतरच्या पहिल्या तिरक्या रेघेच्या लगेच आधी जे येतं ते खरं मालकाचं नाव. समजा पत्ता आहे ‘ठाणेसिटी-जीओव्ही-इन डॉट कॉम’. जीओव्ही दिसलं म्हणून माणूस निश्चिंत होतो, पण तिथे डॉट नाही, आडवी रेघ आहे, आणि शेवटी कॉम आहे. ही कुणीही विकत घेऊ शकेल अशी साइट. ‘जीओव्ही डॉट इन’ अगदी शेवटी आणि मध्ये डॉटच असला पाहिजे. कुलपाच्या चिन्हावर विसंबू नका. कुलूप म्हणजे मधल्या वाटेत कुणी वाचत नाही एवढंच. पलीकडे कोण बसलंय ते कुलूप सांगत नाही. क्रोमने तर २०२३ मध्ये ते चिन्हच काढलं.

ग्राहक सेवेचा फोन नंबर शोधाच्या निकालातून कधीही घेऊ नका. हे मी सभासदांना पुन्हा पुन्हा सांगते. बँक, गॅस, वीज, कुरियर यांच्या नावाने खोटे नंबर पेरलेले असतात. फोन लावला की समोरचा गोड बोलून एखादं ॲप टाकायला लावतो किंवा ओटीपी मागतो. नंबर बिलावरून, पासबुकावरून, कार्डाच्या मागून घ्या. ‘आज रात्री वीज तोडणार’ असा मेसेज आला तर त्यातल्या नंबरवर फोन न करता डेस्कटॉपवरचं महावितरणचं चिन्ह उघडा आणि बिल बघा.

पैसे गेलेच तर तासभर विचार करत बसू नका. लगेच १९३० ला फोन करा, मग बँकेला कळवा. जितक्या लवकर फोन, तितकी रक्कम मध्येच अडवली जाण्याची शक्यता जास्त.

१०. संगणक सामाईक असेल तर

सोसायटीचं ऑफिस, वाचनालय, सायबर कॅफे अशा ठिकाणी पेटीत लिहिलेले शोध पुढच्या माणसाला दिसू शकतात. ‘सर्च परमिशन्स’मध्ये शोधाचा इतिहास बंदही करता येतो आणि पुसताही येतो. ब्राउझरमध्ये खासगी खिडकी उघडायला कंट्रोल, शिफ्ट आणि एन (फायरफॉक्समध्ये एनऐवजी पी). काम झालं की खात्यातून बाहेर पडा, खिडकी बंद करा. उतरवून घेतलेला दाखला ‘डाउनलोड्स’मध्ये तसाच राहतो, तो विसरू नका, आमच्या ऑफिसात लोकांची आधार कार्डं तिथे पडलेली मिळतात आणि मी ती पुसते.

११. अडलं तर

पेटीत फाइली दिसतात पण वेबचे निकाल येत नाहीत: बहुतेक वेळा इंटरनेट गेलेलं असतं. उजव्या कोपऱ्यातली खूण बघा.

मराठी लिहिताना इंग्रजीच उमटतं: विंडोज आणि स्पेस पुन्हा दाबा. खालच्या कोपऱ्यात कोणती भाषा चालू आहे ते दिसतं.

ब्राउझर उघडला की भलतंच शोधयंत्र येतं: एखाद्या मोफत सॉफ्टवेअरबरोबर ते आत आलंय. ब्राउझरच्या ‘एक्स्टेन्शन्स’मध्ये आणि विंडोजच्या ‘इन्स्टॉल्ड ॲप्स’मध्ये अनोळखी नाव शोधून काढून टाका, मग शोधयंत्र पुन्हा निवडा.

पेटी उघडतच नाही किंवा पांढरी राहते: कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा, यादीत ‘विंडोज एक्सप्लोरर’ शोधा, त्यावर उजवं बटण आणि ‘रीस्टार्ट’. पडदा क्षणभर मिटतो आणि परत येतो, उघडी कामं जात नाहीत. तरीही पेटी उघडली नाही तर संगणक एकदा बंद करून चालू करा.